जत्रेतल्या दशावताराचे रेकॉर्डिंग: लाईट गेली तरी तुटू नये म्हणून

सिंधुदुर्गातल्या जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाली की दशावतार सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. एवढ्या वेळात लाईट एकदा तरी जाणार, हे धरूनच निघायचे. "मांडववाल्याकडून एक पॉइंट घे, जनरेटर आहेच" हा सल्ला दर मोसमात कुणीतरी देतो. तो ऐकू नका. लाईट गेल्यावर कुणीतरी टॉर्च घेऊन जनरेटरपर्यंत जातो, तो चालू करतो, बोर्डाची वीज तोडून जनरेटरची जोडणारा चेंजओव्हर स्विच फिरवतो. यात कधी एक मिनिट जाते, कधी दहा. मांडवातल्या ट्यूबला ते चालते. रेकॉर्डर बंद पडायला मात्र अर्धा सेकंद पुरतो.

म्हणून माझा नियम: रेकॉर्डर बोर्डाच्या विजेवर चालवायचाच नाही, पहिल्या मिनिटापासून बॅटरीवर. बोर्डाची वीज फक्त चार्जिंगला, आणि चार्जिंगला लावलेली पॉवर बँक त्याच वेळी रेकॉर्डरला जोडलेली नको. अॅडॅप्टरमधून शिरणारी ५० हर्ट्झची घूंघूंही त्यामुळे टळते.

१. हिशेब. पॉवर बँकेवर लिहिलेले १०,००० एमएएच आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचे असतात. ५ व्होल्टला बाहेर पडेपर्यंत त्यातले साधारण ६,००० हाती लागतात. तुमचा रेकॉर्डर किती ओढतो ते यूएसबी मीटर लावून बघा, पण दोन्ही माईक जोडून आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर (रेकॉर्डर केबलमधून माईकला देतो ती वीज) चालू ठेवून. फँटमशिवाय काढलेला आकडा कामाचा नाही. ६,००० ला मीटरवरच्या मिलिअँपिअरने भागून येतील त्या तासांच्या निम्मेच धरा. मी दोन पॉवर बँका नेते.

२. आतले सेल. रेकॉर्डरमध्ये चांगले रिचार्जेबल सेल भरा, आदल्या संध्याकाळी चार्ज केलेले. मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाईन १.५ चा, प्रकार चुकला की बॅटरीची खूण खोटे बोलते. सेलच्या प्रत्येक संचावर कागदी पट्टी लावून खरेदीची तारीख लिहा. नवे-जुने एकत्र भरू नका.

३. घरी लाईट घालवून बघा. सगळे इथेच बिघडते, माझेही इथेच बिघडले होते.

एका जत्रेत मी पॉवर बँक मांडवातल्या पॉइंटला लावली आणि तिच्यातूनच रेकॉर्डरला वीज दिली. लाईट गेली तरी पॉवर बँक आहे, ती संपली तर आत सेल आहेत, असा माझा हिशेब. रात्री अडीचच्या सुमारास लाईट गेली आणि रेकॉर्डरची स्क्रीन काळी झाली. पॉवर बँकेचे चारही निळे दिवे मात्र जळत होते. रंगमंचावर काहीच थांबले नव्हते. मृदंग चालू होता, पेटीवाल्याने सूर धरून ठेवला होता, आणि राजाच्या वेशातले ज्येष्ठ नट माईकशिवाय, उघड्या आवाजात बोलत होते. स्पीकरची शिट्टी नाही, जनरेटरची घरघर नाही. लोक श्वास धरून ऐकत होते. मी अंधारात रेकॉर्डरचे बटण चाचपत होते. तो उठला आणि फँटम चढते न चढते तोच पुन्हा पडला. केबल काढून लावली, सेल बदलले. एवढ्यात सात-आठ मिनिटे गेली. त्या आवाजासाठीच आपण रात्र जागवतो आणि नेमका तोच माझ्याकडे नाही.

कारण नंतर घरी कळले. चार्ज होत असलेल्या बऱ्याच पॉवर बँका, येणारी वीज तुटली की बाहेर जाणारी वीजही क्षणभर सोडतात. तेवढ्यात भार सेलवर आला. माझे सेल जुने होते, फँटमचा भार पडताच ते खाली बसले.

तेव्हा जत्रेला नेणार तेच सेल, त्याच केबल, तेच माईक घ्या. फँटम चालू करा, हेडफोन लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि पॉवर बँकेची केबल उपटा. रेकॉर्डर सेलवर गेला पाहिजे. पुन्हा लावा. काही रेकॉर्डर केबल लावताच कॉम्प्युटर जोडला की पॉवर, असे विचारत थांबतात. तसे असेल तर फक्त चार्जिंगची केबल वापरा. हे दहा वेळा करा. मग फाईल उघडून त्या दहाही जागा मोठ्या करून बघा, टक् आवाज किंवा खाच आहे का. सेल अर्धे उतरल्यावर पुन्हा दहा वेळा. भरलेल्या सेलवरची चाचणी खोटा धीर देते, कारण पहाटे चारला सेल भरलेले नसतात.

आणखी एक. रेकॉर्डर फार कमी वीज ओढत असेल तर पॉवर बँकेला वाटते काहीच जोडलेले नाही, आणि ती आपणहून झोपते. घरी दोन तास सलग चालवल्याशिवाय कुठल्याही पॉवर बँकेवर विश्वास ठेवू नका.

४. जागेवर. स्वतःचे माईक स्वतःच्या रेकॉर्डरला लावा. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाईन घ्यायची तर ती जादा म्हणून. लाईट गेली की ती मुकी होते. यूएसबीची केबल स्टँडला टेपने बांधा, सॉकेटपाशी थोडी ढील ठेवून. दुसरा छोटा रेकॉर्डर स्वतःच्या सेलवर पेटीजवळ ठेवून द्या. फाईल दर अर्ध्या तासाने आपोआप तुटेल अशी सेटिंग करा.

५. पॉवर बँक बदलणे. तिचा एक दिवा उरला की, प्रवेश संपताना. आतले सेल तेवढा वेळ सांभाळतात.

६. लाईट गेली की रेकॉर्डरला हात लावू नका. चार्जिंगला ठेवलेली पॉवर बँक मात्र लगेच बोर्डावरून काढा. वीज परत येताना झटका येतो, आणि डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) न्यूट्रलची तार सुटली असेल तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकते. स्पाइक गार्ड त्यापुढे टिकत नाही. मांडवातले दिवे पाच मिनिटे स्थिर जळू द्या, मग लावा.

७. तरीही रेकॉर्डर पडलाच तर ते कार्ड काढून खिशात ठेवा आणि दुसरे घाला. त्या कार्डावर पुन्हा रेकॉर्ड करू नका, फॉरमॅट तर नाहीच. फाईल उघडत नाही कारण हेडर, म्हणजे फाईलच्या सुरुवातीची माहिती, पूर्ण लिहिला गेला नाही. आवाज बहुतेक वेळा कार्डावर असतो. घरी आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत (इमेज) काढा, नुसत्या फाईलींची नको. फाईलला आकार दिसत असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा म्हणून इम्पोर्ट करा: २४ बिट, लिटल-एंडियन, स्टीरिओ, ४८,००० हर्ट्झ, म्हणजे जे तुम्ही लावले होते तेच. नुसती खरखर ऐकू आली तर स्टार्ट ऑफसेट एकेका बाइटने वाढवत जा. आकार शून्य दिसत असेल तर त्या प्रतीवर फोटोरेक हे हरवलेल्या फाईली शोधणारे सॉफ्टवेअर चालवा.