भाड्याची जागा वाटून घेताय? या चुका टाळा

गावाकडून नोकरीसाठी आलेल्या पोरांना ठाणे-नवी मुंबईत जागा शोधून देताना मला त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. सगळ्यात महागात पडते ती रविवारी दुपारी घर बघून टोकन देण्याची घाई.

मी स्वतः कासारवडवलीला असंच घर घेतलं होतं. प्रशस्त हॉल, खिडकीतून येऊरचा डोंगर, चौघांत वाटलं तर भाडंही परवडणारं. सोमवारी सकाळी घोडबंदर रस्त्यावर बस मानपाड्याच्या पुढे सरकेना. ठाणे स्टेशन गाठायचं, मग ट्रान्सहार्बर लोकलने रबाळे. ऑफिसला पोचेपर्यंत दोन तास. उन्हाळ्यात टँकर चुकला की आंघोळीचे वांधे. सहा महिन्यांत सामान बांधलं आणि घणसोलीत गेलो. हॉलमध्ये गादी टाकून झोपायचो, पण रबाळे एका स्टेशनावर होतं. ती अडचण मी आनंदाने सोसली. म्हणून सांगतो, ऐसपैस जागा हवी की वेळ, हे आधी ठरवा. आणि कामाच्या दिवशी सकाळी आठला त्या घरापासून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन बघा. एवढाही धीर नसेल तर मला जागा विचारू नका.

दुसरी चूक म्हणजे करार एकाच्या नावावर आणि बाकीचे तिघे तोंडी. कोपरखैरण्यात आमच्यातला एक चौथ्या महिन्यात निघाला आणि डिपॉझिटचा वाटा मागू लागला. मालक म्हणाला, अकरा महिने झाल्यावर बघू. आमच्याकडे पैसे नव्हते, जाणाऱ्याकडे कागद नव्हता. मैत्री तिथेच तुटली, त्याचं आजही वाईट वाटतं. भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. त्यात सगळ्यांची नावं घालायला लावा. शिवाय मी वहीच्या पानावर लिहून चौघांच्या सह्या घेतो: मध्येच जाणाऱ्याने बदली माणूस आणायचा, डिपॉझिटचा वाटा त्या नव्या माणसाने जाणाऱ्याला द्यायचा.

बॅचलर चालतात का, हे एजंटला नको, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

घरात मासे शिजणार का, हे पहिल्याच भेटीत बोला.

बाथरूम एकच असेल तर कोण किती वाजता निघतो तेही विचारा. रात्रपाळीवाला सोबत असला तर छान जमतं. चौघेही साडेसातची गाडी पकडणारे असतील तर ते घर सोडा.