परदेशी एमटीबी (माउंटन बाइक) ट्रिप ठरवताना: आधी लिफ्ट बघा

मे महिन्याचा तिसरा आठवडा, सकाळचे नऊ. फ्रान्सच्या आल्प्समधल्या एका गावात गोंडोलाच्या (सायकलीसकट डोंगरावर नेणारी तारेवरची लिफ्ट) स्टेशनासमोर आम्ही चौघे पुणेकर उभे. फुल-फेस हेल्मेट, नी-पॅड, पाठीचं चिलखत, सगळा साज चढवलेला. स्टेशनाचं शटर खाली. तारेवर एकही ट्रॉली नाही. खांबाला शिडी लावून दोन माणसं चाकांना ग्रीस चोपडत होती. आम्ही खालून खुणेनं विचारलं, कधी? त्यातल्या एकानं ग्रीसनं काळं झालेलं एक बोट दाखवलं, मग तीन बोटं. आमच्यातला एक म्हणाला, "एकला उघडतंय की तीनला?" दुसरा म्हणाला, "चला, तोवर कॉफी मारू." तो माणूस सांगत होता तेरा. तेरा जून.

तयारी आम्ही कमी केली नव्हती. विमान, व्हिसा, हॉटेल, फ्रेमची साइज, ब्रेक पॅडचा जादा जोड, मेतकुटाची पुडी, सगळ्याची एक्सेल शीट होती. मुलांच्या शाळेला सुट्टी मेमध्ये, म्हणून बायकोची आणि माझी रजा मेमध्ये, म्हणून ट्रिप मेमध्ये. लिफ्ट कधी उघडते हा रकाना शीटमध्ये नव्हताच. मग तीन दिवस सोळा-सोळा किलोच्या सायकली जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं ढकलत वर नेल्या, सिंहगड चढल्यासारख्या, आणि एक-एक उतार उतरलो. चौथ्या दिवशी वर गुडघाभर बर्फ लागलं.

म्हणून ही यादी. त्यातलं पहिलं कलम मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. कंटाळा आला तर इलाज नाही.

तर, लिफ्ट. हिवाळाभर हे डोंगर स्कीवाल्यांचे असतात. एप्रिलमध्ये ते गेले की बर्फ वितळेपर्यंत आणि यंत्रांची डागडुजी होईपर्यंत गाव झोपतं. हॉटेलं बंद, सायकलची दुकानं बंद. सायकलसाठी लिफ्ट आल्प्समध्ये बहुतेक ठिकाणी जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत केव्हातरी उघडतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मिटतात. उघडण्याची तारीख रिसॉर्टच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर असते, आमच्याही होती. ती बघताना वर्ष नीट बघा, बरेचदा मागच्याच हंगामाचं पान तसंच पडलेलं असतं. मग पुढचं विचारा: कोणती लिफ्ट? खालची गोंडोला उघडते आणि वरची चेअरलिफ्ट (उघड्या खुर्च्यांची) दोन आठवड्यांनी, असं सर्रास होतं. रोज चालू की सुरुवातीला फक्त शनिवार-रविवार? शेवटची फेरी किती वाजता? पोर्त द्यू सोले हा फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर पसरलेला बारा रिसॉर्टांचा भाग आहे, एका पासवर दोन्ही देशांत सायकल चालवता येते, पण बारा ठिकाणांच्या तारखा एक नसतात. एक लिफ्ट बंद असली की अख्खी फेरी तुटते. वेबसाइटवर कळत नसेल तर सरळ ईमेल करा. दोन ओळींचं उत्तर येतं. तिकीट त्यानंतर.

आता रजा. पुण्यात रजा आपण ठरवत नाही, शाळा ठरवते, तेव्हा उलटा हिशोब करा: आधी महिना, मग देश. मे मिळाला असेल तर आल्प्स विसरा. इटलीतलं फिनाले लिगुरे बघा. समुद्राकाठचं गाव, मागे डोंगर, लिफ्टची भानगडच नाही, व्हॅननं वर सोडतात. वसंत आणि शरद हे तिथले खरे हंगाम, जुलै-ऑगस्टमध्ये भाजून निघाल. आमचे शेवटचे तीन दिवस तिथेच सार्थकी लागले, व्हिसा शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा, असल्यामुळे. पोर्तुगालचं मदेइरा बेटही मेमध्ये चालतं, तिथेही व्हॅनच. अमेरिकेतलं मोआब एप्रिल-मेमध्ये उत्तम, पण तिथला होल एन्चिलाडा नावाचा गाजलेला मार्ग तीन हजार मीटरच्या वरून सुरू होतो आणि मेमध्ये त्याचा माथा बर्फाखाली असतो. कॅनडातलं व्हिस्लर साधारण मेच्या मध्याला उघडतं, पण फक्त खालचा भाग. वरच्या लिफ्ट जून-जुलैमध्ये. परत तेच. कोणती लिफ्ट, कोणत्या तारखेला.

आल्प्सला जायचंच असेल तर पुण्यात धो-धो पाऊस असतो तेव्हा जा, जुलै-ऑगस्ट. इथे वेताळ टेकडीवर चिखल आणि शेवाळं, तिथे ऐन हंगाम. गणपतीची रजा जोडून जाऊ म्हणणाऱ्यांनी पंचांग काढा: २०२६ साली गणपती १४ सप्टेंबरला बसतात. तोवर बऱ्याच लिफ्टना कुलूप लागलेलं असेल.

दिवाळीत नेपाळ. हे पुण्यातल्या माणसाला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी जमेस धरलं जाणारं ठिकाण. व्हिसा लागत नाही. विमानानं जाताना पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर विसंबू नका. पोखऱ्याहून जोमसोम, तिथून जीपनं मुक्तिनाथ, म्हणजे साधारण ३,७०० मीटर, आणि मग उतार. लुब्राकडे उतरणारी पायवाट एकदा बघाच. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी वारा सुटतो तो चेष्टेचा नसतो. जोमसोमची छोटी विमानं त्याच कारणानं सकाळीच उडतात, आणि तुम्हीही दुपारपर्यंत मुक्कामावर पोचलेलं बरं. एकदम इतक्या उंचीवर जाताना मधे एक-दोन रात्री थांबायला ठेवा, डोकं दुखायला लागल्यावर सिंगलट्रॅक (एका सायकलीपुरती अरुंद वाट) कुणाला सुचत नाही. अन्नपूर्णा भागाचं परमिट लागतं, अप्पर मुस्तांगचं वेगळं आणि महाग. माझ्या आईला मुक्तिनाथ म्हटल्यावर ट्रिप एकदम पटली. तिनं शाळिग्राम आणायला सांगितलाय.

नाताळात न्यूझीलंड किंवा टास्मानिया, तिकडे तेव्हा उन्हाळा. रोटोरुआच्या रेडवुडच्या जंगलातले मार्ग नवख्यापासून पोचलेल्यापर्यंत सगळ्यांना पुरतात. टास्मानियातलं डर्बी हे कथिलाच्या खाणीचं ओस पडत चाललेलं गाव, २०१५ साली सायकलीचे मार्ग झाल्यावर पुन्हा उभं राहिलं. दोन्हीकडे माती लागलेले बूट किंवा टायर नेलेत तर विमानतळावरच अडवतात. न्यूझीलंडला जाहीर न केलेल्या वस्तूसाठी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. जुन्या टूथब्रशनं टायरच्या खाचा घासून काढा आणि तरीही फॉर्मवर 'आहे' लिहा. थायलंडचं चियांग माई डिसेंबर-जानेवारीत छान, फेब्रुवारीनंतर शेतं जाळल्याचा धूर भरतो. तिथे लिफ्ट नाही, पण प्रश्न तोच: मी जाईन त्या आठवड्यात तिथे काय चालू असतं? न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनला गोंडोलानं वर जाणार असाल तर तिथेही तारीख बघा. हो, परत.

आपली कुवत हे दुसरं कलम. यात माणूस स्वतःशी खोटं बोलतो. युरोपात मार्गांचे रंग, सोप्याकडून अवघडाकडे: हिरवा, निळा, लाल, काळा. अमेरिका-कॅनडात हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा, मग दोन काळे हिरे. लाल तिकडे नाहीच. त्यामुळे 'मी निळा आरामात करतो' या वाक्याला कुठला निळा हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही, आणि व्हिस्लरच्या निळ्यानं आमच्या ओळखीतल्या एका शूर माणसाला पहिल्या दिवशी पायी उतरवलं होतं. पुण्यात आपण मुरमावर आणि सुट्या गोट्यांवर शिकतो. तिकडे ओली मुळं असतात, आडवी, साबणासारखी. मुळांवर ब्रेक दाबायचा नसतो हे कळायला मला एक खांदा खर्ची घालावा लागला. गटातला सगळ्यात कच्चा माणूस कोण ते ठरवा आणि त्याला झेपेल असं ठिकाण घ्या. आमच्या गटात तो मीच.

इथे ब्रेकचं एक सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे मोटरसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला, सायकलचाही बहुधा तसाच. युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिका-कॅनडात भाड्यानं मिळणाऱ्या सायकलीला पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात आपल्यासारखा. फिनालेला आमच्यातल्या एकानं मागचा समजून डावा ब्रेक कचकन दाबला आणि हँडलवरून पुढे गेला. हनुवटीला तीन टाके. दुकानात सायकल घेतानाच सांगितलं तर लीव्हर बदलून देतात, फार वेळ लागत नाही. न सांगता निघू नका.

सायकल न्यायची की भाड्यानं घ्यायची? बाइक पार्कला, म्हणजे लिफ्टनं वर जाऊन आखलेल्या उतारांवरून उतरायच्या ठिकाणी, चालला असाल तर भाड्यानं. १६० मिलिमीटर ट्रॅव्हलची (शॉक तेवढे दबणारी) फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली, सायकल तिकडे हवी तेवढी मिळते, आणि घासलेले ब्रेक पॅड, वाकलेला रिम ही डोकेदुखी तुमच्या डोळ्यासमोर तुमच्याच सायकलीची होत नाही. डिपॉझिट आणि मोडतोडीचा नियम मात्र वाचा. स्वतःचे पेडल न्या, आणि हेल्मेट. नेपाळला स्वतःची सायकल नेण्यात मजा आहे, पण पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंत खोकं कशातून नेणार ते आधी ठरवा. साध्या टॅक्सीच्या डिकीत ते मावत नाही, आणि रात्री दोन वाजता एक्स्प्रेस-वेवर टपावर दोरी सुटलेली बघणं हा अनुभव टाळण्यासारखा आहे. पेडल काढा, डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) सोडवून फ्रेमला बांधा, टायरची हवा कमी करा, खोकं २३ किलोत बसतं का ते घरच्या काट्यावर बघा. ई-एमटीबी, म्हणजे बॅटरीवाली, नेता येणार नाही, १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-एमटीबीची त्याच्या तिप्पट-चौपट असते.

व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मुक्काम जास्त त्या देशाकडे. अपॉइंटमेंट उन्हाळ्यात मिळत नाही, तेव्हा हंगामाची, म्हणजे लिफ्टची, तारीख जाहीर झाली की लगेच लागा. कॅनडा-अमेरिकेला त्याहून आधी.

विम्याचा कागद वाचा. शेंगेनसाठी ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते बहुतेक प्रवास-पॉलिसींत असतं. पण 'साहसी खेळ वगळून' हे वाक्य शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. त्या तीन टाक्यांचे पैसे आम्ही चौघांनी वाटून घेतले ते या वाक्यामुळे. डोंगरातली सायकल, बाइक पार्क, हेलिकॉप्टरनं सुटका, हे तीन शब्द घेऊन विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा, फोनवर 'हो हो, कव्हर आहे' कुणीही म्हणतं. स्वित्झर्लंडच्या बाजूला हेलिकॉप्टर फुकट नसतं.

सराव: दोन महिने, आठवड्यातून तीनदा. चढ कमी, उतार जास्त. लिफ्टनं दिवसात आठ-दहा उतार होतात, आणि पाय नव्हे तर हाताचे पंजे आधी जातात. बोपदेव घाटापेक्षा टेकडीवरच्या खडबडीत वाटा घ्या.

बॅग: चष्मे दोन, हातमोजे दोन, पावसाळी जाकीट, चेन लिंक, ब्रेक पॅड, हातपंप (टायर फुगवायच्या सीओटूच्या नळकांड्या घरी ठेवा), ओआरएस, चिवडा. पासपोर्टची मुदत. पासपोर्टची झेरॉक्स. फोरेक्स कार्ड. औषधं.

जायच्या आठ दिवस आधी रिसॉर्टचं पान परत उघडा. उशिरा बर्फ पडलं की तारीख पुढे जाते.

परतीच्या खोक्यासाठी रुंद चिकटपट्टीचं एक रीळ इथूनच न्या. रविवारी तिकडे बरीच दुकानं बंद असतात.