कारखान्याचा कार्बन हिशेब: या चुका टाळा

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आणि त्यांना माल पुरवणाऱ्या लहान उद्योगांकडेही उत्सर्जनाचे तक्ते येऊ लागले. हे तक्ते बहुधा लेखा विभाग भरतो आणि हेतू चांगला असूनही आकडे तिथेच चुकतात.

सर्वाधिक चुका वीजबिलात होतात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे यंत्रांनी ओढलेल्या एकूण भासमान विजेवर होते. उत्सर्जनाचा गुणक मात्र, म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, केडब्ल्यूएचसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेसाठी असतो. आकारणीचाच आकडा उचलून गुणला, तर पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९५ असताना उत्सर्जन पाच टक्क्यांहून अधिक फुगते. पुढच्या वर्षी कपॅसिटर बदलून पॉवर फॅक्टर ०.९९ झाला, की वीज तेवढीच वापरूनही कागदावर घट दिसते आणि ती अहवालात अभिमानाने छापली जाते. बिलात केडब्ल्यूएचची नोंद वेगळी असते, तीच घ्यावी.

डिझेलचा हिशेब सहसा जमतो. त्यात खरेदी न धरता प्रत्यक्ष वापर धरावा. एसीचा वायू मात्र हमखास सुटतो, कारण तो ‘दुरुस्ती व देखभाल’ खात्यात ‘गॅस चार्जिंग’ म्हणून रुपयांत नोंदलेला असतो. आर-४१०ए हा वायू एक किलो गळला, तर तो दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो, म्हणजे जवळपास पावणेआठशे लिटर डिझेल जाळल्यासारखेच. मेकॅनिककडून बिलावर किलोचा आकडा लिहूनच घ्यावा. (वृक्षारोपणाची छायाचित्रे जोडून ही गळती भरून निघत नाही.)

युरोपला पोलादी नटबोल्ट पाठवणाऱ्यांची चूक निराळी आहे. युरोपीय संघाच्या कार्बन सीमा यंत्रणेचा (आयात मालाच्या उत्सर्जनावर किंमत आकारणाऱ्या व्यवस्थेचा) मुख्य टप्पा १ जानेवारी २०२६ रोजी सुरू झाला आणि नटबोल्ट तिच्या कक्षेत येतात. निर्यातदार स्वतःच्या भट्टीचे उत्सर्जन कळवतो आणि विकत आणलेल्या तारेचे विसरतो; वास्तविक मोठा वाटा ती तार जिथल्या पोलादाची, त्या कारखान्यातच पडलेला असतो. तारेसोबत येणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर रासायनिक घटक आणि ताकद असते, कार्बनचा आकडा नसतो. तो खरेदीच्या ऑर्डरमध्येच लेखी मागावा, कारण पैसे चुकते झाल्यावर तो मिळवणे अवघड जाते आणि तो नसला, तर आयातदाराला युरोपीय आयोगाने ठरवलेली, वाढीव भर घातलेली मूल्ये धरावी लागतात.