काटा उजव्या पायात, काम दोन्ही पायांना: रिफ्लेक्स शिकताना या चुका टाळा

अनवाणी चालताना उजव्या पायात काटा रुतला की पाय विचार न करता झटकन वर जातो (अशा आपोआप होणाऱ्या हालचालीलाच रिफ्लेक्स म्हणतात), हे शाळेतलं पोरगंपण सांगेल. पण पाय वर गेला तेव्हा शरीराचं सगळं वजन कुठं गेलं, हे विचारा आणि बघा, बारावीचा असो, एमबीबीएस फर्स्ट इयरचा असो की फिजिओथेरपीचा, निम्मा वर्ग गप्प होतो. कारण आपण आकृतीच अर्धी काढतो. स्पायनल कॉर्डचा (मणक्यातल्या मज्जारज्जूचा, पुढे नुसतं कॉर्ड) एक काप, एका बाजूने बातमी घेऊन आत येणारा सेन्सरी न्यूरॉन (न्यूरॉन म्हणजे नसेची पेशी), मध्ये जोडणारा एक इंटरन्यूरॉन, स्नायूला हुकूम घेऊन बाहेर जाणारा मोटर न्यूरॉन, झालं, मार्क मिळाले. दुसरी बाजू कोरीच. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी चूक हीच आहे आणि पुढचे बरेच घोळ इथूनच सुरू होतात.

तर ती कोरी बाजू आधी भरून घेऊ. काट्याचा सिग्नल कॉर्डमध्ये शिरला की तो एकाच न्यूरॉनला जाऊन थांबत नाही, कॉर्डच्या वर-खाली कितीतरी सेगमेंटमध्ये (टप्प्यांमध्ये) पसरतो, म्हणूनच घोटा, गुडघा आणि कंबरेचा सांधा तिन्ही एकदम वाकतात. उजव्या बाजूला मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग, कंबरेपाशी इलिओसोअस, नडगीपुढचा टिबिआलिस अँटेरिअर हे आवळतात, आणि त्याच वेळी मांडीपुढचा क्वाड्रिसेप्स इनहिबिटरी (दाबून ठेवणाऱ्या) इंटरन्यूरॉनमार्फत ढिला सोडला जातो, नाहीतर दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत बसले असते आणि पाय हललाच नसता. याला रेसिप्रोकल इनहिबिशन म्हणतात. आता महत्त्वाचं. काही इंटरन्यूरॉन कॉर्डची मधली रेषा ओलांडून डावीकडे जातात आणि तिथं बरोब्बर उलटं करतात, क्वाड्रिसेप्स आवळला, हॅमस्ट्रिंग ढिला, डावा पाय ताठ. हा क्रॉस्ड एक्स्टेन्सर रिफ्लेक्स. वाटेत सिनॅप्स (दोन न्यूरॉनमधले जोड) जास्त म्हणून तो पाय मागे घेण्यापेक्षा किंचित उशिरा येतो, पण येतो. एक पाय उचलायचा तर दुसऱ्याने वजन घ्यायलाच हवं, म्हणून ही एकाच कामाची दोन टोकं समजा. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९१० च्या आपल्या रिसर्च पेपरात पाय मागे घेणं, दुसऱ्या बाजूचा पाय ताठ होणं, उभं राहणं आणि पावलं टाकणं हे सगळं एकत्रच मांडलं होतं (पुढे १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं). मग पुस्तकात आपण ते दोन वेगळ्या पानांवर का वाचतो, मला खरंच कळत नाही.

"दुखलं म्हणून पाय मागे घेतला" हे दुसरं. वाक्य रोजच्या बोलण्यात ठीक, पेपरात चूक. थोडा हिशोब करा. पायाच्या तळव्यापासून कॉर्डपर्यंत अंतर साधारण १ मीटर धरा, टोचल्याची बातमी नेणारे ए-डेल्टा तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जातात, म्हणजे १५ धरला तर ६५-७० मिलिसेकंद आत यायला, परतीचे मोटर तंतू बरेच वेगवान म्हणून २० च्या आसपास बाहेर जायला, मधल्या सिनॅप्सचे थोडे, असे मिळून १०० मिलिसेकंदांच्या आगेमागे स्नायू आवळायला लागतात. तीच बातमी वर मेंदूपर्यंत जाऊन "आई गं" जाणवेपर्यंत पाय हलायला लागलेला असतो. आणि नंतर जी ठणकणारी कळ येते ती सी तंतूंची, त्यांचा वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर, म्हणून ती मागाहून येते. पण यावरून "मेंदूला काही कळतच नाही" असं लिहू नका, बातमी वर जातेच, फक्त हालचाल तिच्यासाठी थांबत नाही. आणि मेंदू वरून दाबपण टाकू शकतो, गरम दुधाचं पातेलं हातात आहे आणि खाली बाळ बसलंय तर आई ते सोडत नाही, ओट्यापर्यंत नेते.

गुडघ्यावर हातोडी मारल्यावर येणारा झटका आणि काट्याचा रिफ्लेक्स यांची गल्लत तर सरसकट होते. हातोडीने टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) ताणला जातो, स्नायूतलं स्पिंडल ताण ओळखतं, आणि त्याचा तंतू थेट मोटर न्यूरॉनवर, मध्ये एकच सिनॅप्स, म्हणून २० मिलिसेकंदांत काम सुरू. काट्याचा मात्र पॉलिसिनॅप्टिक, म्हणजे वाटेत अनेक सिनॅप्स असलेला, आणि जोरात टोचलं तर टोचणं संपल्यावरही पाय थोडा वेळ वर धरलेलाच राहतो. "सगळ्या रिफ्लेक्समध्ये तीन न्यूरॉन" हे पाठ केलं असेल तर विसरा.

तसंच "विथड्रॉवल (टोचल्यावर पाय मागे घेणं) म्हणजे नेहमी वाकणं" हेही अर्धवट. टाचेला टोचलं तर पोटरी आवळून टाच वर उचलली जाते, चवड्याला टोचलं तर पाऊल वरच्या बाजूला ओढलं जातं. जिथं टोचलंय तो भाग लांब न्यायचा, एवढंच ध्येय. शिवाय त्या क्षणी पाय काय करतोय यावरही उत्तर बदलतं. स्वीडनमध्ये फोर्सबर्ग, ग्रिल्नर आणि रोसिन्योल यांनी १९७५ मध्ये दाखवलं की कॉर्ड मेंदूपासून तोडलेलं मांजर ट्रेडमिलवर चालत असताना पंजाच्या वरच्या बाजूला स्पर्श केला आणि पंजा हवेत असेल तर तो आणखी वर उचलला जातो, पण पंजा जमिनीवर वजन घेऊन असेल तर तोच स्पर्श पाय जास्त ताठ करतो. मेंदूचा संबंध नाही, तरी कॉर्ड वेळ बघून निर्णय बदलते! मला हा भाग शिकवताना आजही भारी वाटतं.

पण याच्या उलट टोकालाही जाऊ नका. "बॅलन्स स्पायनल कॉर्डच सांभाळते" हे चूक. कॉर्ड डावा पाय ताठ करून टेकू देते, पण शरीराचा भार त्या एका पावलावर नीट आणून पडू न देणं यासाठी कानातली तोल ओळखणारी वेस्टिब्युलर यंत्रणा, ब्रेनस्टेम (मेंदूचा कॉर्डला जोडलेला खालचा भाग), लहान मेंदू आणि डोळे लागतात. मेंदूपासून तुटलेली कॉर्ड पाय ताठ करू शकते, तोल सांभाळू शकत नाही.

आता प्रॅक्टिकल. गुडघ्याचा झटका येत नाही म्हणून पोरं रडकुंडीला येतात, बहुतेकदा पेशंट ठीक असतो. पाय जमिनीला टेकलेत का बघा, ते लोंबकळते असायला हवेत. हातोडी वाटीच्या हाडावर नको, वाटीच्या खाली जो टेंडन बोटाला लागतो त्यावर, आणि मनगट सैल सोडून. नजर पावलावर नको, मांडीवर ठेवा, कारण झटका बारीक असेल तर क्वाड्रिसेप्स हललेला दिसतो आणि पाऊल नाही. तरीही नाही आलं तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा आणि त्याच क्षणी मारा, ही हंगेरीचे डॉक्टर येंद्रासिक यांची १८८५ सालची युक्ती अजून चालते. दोन्ही बाजू सारख्याच मंद असतील तर लगेच घाबरू नका, एकच बाजू वेगळी दिसली तर मात्र सरांना दाखवा. आणि विथड्रॉवल बघायचा म्हणून मित्राला सुई किंवा गरम चमचा लावू नका, प्लीज.

घरच्यांसाठी दोन गोष्टी, या खरोखर जिवाशी येतात. डायबेटिसमध्ये पायाच्या नसा खराब झाल्या की बातमी कॉर्डपर्यंत पोचतच नाही, मग काटा रुतला तरी पाय मागे येत नाही, उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी फिरून फोड आले तरी संध्याकाळी पाय बघितल्यावर कळतं. "त्यांना दुखत नाही म्हणजे बरंय" असं समजू नका, रोज रात्री तळवे बघा, बोटांच्या मधलं पण.

दुसरं, मणक्याला मार लागून पाय गेलेल्या माणसाचा पाय काही आठवड्यांनी तळव्याला हात लावताच वर खेचला जातो आणि घरात आनंद होतो की पाय परत आला. सांगताना जीव तुटतो, पण ती बहुतेकदा कॉर्डची जखमेखालची शिल्लक सर्किटच असतात, सुरुवातीचा स्पायनल शॉक (मार लागल्यावर कॉर्ड काही काळ गप्प पडते तो) ओसरल्यावर ती जागी होतात. पाय परत येतोय का हे, आपण सांगितल्यावर त्या माणसाच्या स्वतःच्या इच्छेने पायाचं बोट हलतं का, यावरून बघा आणि ते डॉक्टरांना दाखवा. आणि असे झटके अचानक वाढले तर आधी लघवीची पिशवी (मूत्राशय) तुंबली आहे का, लघवीत इन्फेक्शन आहे का, पोट साफ झालंय का, पाठीला किंवा टाचेला बेडसोर झालाय का हे तपासा, कारण त्या माणसाला तिथलं दुखणं जाणवत नाही आणि कॉर्ड मात्र त्याला उत्तर देत असते.