नगरपरिषद निवडणूक: कार्यक्रमातील कोणती तारीख कशासाठी सांभाळावी

नगरपरिषदेची निवडणूक म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मतदानाचा दिवस येतो. प्रत्यक्षात नागरिकाला काही दुरुस्त करून घेता येते ते त्याच्या कितीतरी आधी, आणि ती मुदत एकदा टळली की तक्रार कितीही खरी असली तरी तिचा उपयोग होत नाही. म्हणून निवडणूक कार्यक्रम कसा ठरतो आणि त्यात आपण कुठे लक्ष घालायचे, हे आधीच समजून घेतलेले बरे.

या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. राज्यघटनेनुसार ते काम राज्य निवडणूक आयोगाचे असून परिषदेची मुदत पाच वर्षांची असते. ही मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे राज्यघटना सांगते. तरीही महाराष्ट्रात आरक्षणाच्या वादामुळे अनेक नगरपरिषदांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांकडे राहिला आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

सुरुवात प्रभागरचनेने होते. जनगणनेतील प्रगणक गट (मोजणीसाठी पाडलेले वस्तीचे छोटे भाग) जोडून प्रभाग आखले जातात आणि प्रारूप आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. आपली गल्ली कोणत्या प्रभागात गेली, एखादी वस्ती विनाकारण दोन प्रभागांत तोडली गेली का, हे नकाशावर बोट ठेवून याच वेळी पाहावे आणि हरकत लेखी देऊन पोच घ्यावी. यानंतर जागांच्या आरक्षणाची सोडत सर्वांसमक्ष काढली जाते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात.

सर्वाधिक काळजी मतदार यादीची घ्यावी, कारण गाफीलपणाची किंमत इथेच सर्वाधिक मोजावी लागते. आयोग नगरपरिषदेसाठी स्वतंत्र मतदार नोंदणी करत नाही. ठरावीक तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडली जाते. २०२५ च्या निवडणुकीसाठी ही तारीख १ जुलै होती. त्यामुळे प्रारूप यादीवर हरकत घेताना नवीन नाव घालून मिळत नाही. विधानसभेच्या यादीत नाव असूनही प्रभागाच्या यादीत ते आलेले नाही, घर एका प्रभागात आणि नाव दुसऱ्यात आहे किंवा लेखनिकाची चूक झाली आहे, एवढ्याच बाबी दुरुस्त होतात. नवमतदाराने म्हणूनच निवडणुकीची वाट न पाहता विधानसभेच्या यादीत नाव आधीच नोंदवून ठेवावे.

कार्यक्रम जाहीर होताच आचारसंहिता लागू होते. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी जाहीर झालेला कार्यक्रम उदाहरण म्हणून घेऊ. अर्ज भरण्याची मुदत १७ नोव्हेंबरपर्यंत, छाननी १८ ला, माघार २१ पर्यंत, चिन्हवाटप २६ ला आणि मतदान २ डिसेंबरला, असे त्याचे स्वरूप होते. उमेदवाराने जात पडताळणीची कागदपत्रे, शपथपत्र आणि पक्षाचा एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असे पक्षाने दिलेले पत्र) शेवटच्या दुपारवर ढकलू नये. अर्ज बाद होण्याची कारणे बहुधा अशा घाईतूनच निर्माण होतात.

छाननीत अर्ज बाद झाला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येते, आणि अशा ठिकाणी माघारीसाठी वेगळी मुदत द्यावी लागते. ही तरतूद किरकोळ वाटते, पण त्या वर्षी काही ठिकाणी अपिलांचे निकाल उशिरा लागले आणि उमेदवारांना माघारीसाठी पुरेसे दिवस न देताच चिन्हे वाटली गेली. परिणामी तिथले मतदान २० डिसेंबरवर गेले. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वच ठिकाणची मतमोजणी २१ डिसेंबरला घेण्याचा आदेश दिला. आयोगाचे हे दुर्लक्ष टाळता येण्याजोगे होते, असे माझे स्पष्ट मत आहे; काही जागांसाठी पाळायची राहिलेली मुदत शेकडो गावांच्या निकालाला अडीच आठवडे अडवून बसली.

मतदान साधारणपणे सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच असते. वेळ संपताना रांगेत उभे असलेल्यांना मतदान करू दिले जाते. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो आणि प्रभागातून सहसा दोन सदस्य निवडायचे असतात. म्हणजे एका मतदाराने तीन बटणे दाबायची असतात. प्रभागातील या दोन जागांच्या, म्हणजे जागा ‘अ’ आणि जागा ‘ब’ यांच्या, उमेदवारांची नावे वेगवेगळ्या मतपत्रिकांवर असतात. नगराध्यक्षाला मत देऊन तसेच बाहेर पडू नये, कारण सर्व मते नोंदवल्याशिवाय यंत्राचा लांब आवाज येत नाही आणि मतदानाची प्रक्रिया अपुरी राहते. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचे ‘नोटा’चे बटण दाबावे. घरातील वृद्धांना आणि प्रथमच मत देणाऱ्यांना तीन मतांची ही रीत आदल्या दिवशीच समजावून सांगावी. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची छापील चिठ्ठी दाखवणारे यंत्र) नसते, त्यामुळे मताची चिठ्ठी दिसण्याची वाट पाहू नये.

निकालानंतर उमेदवाराने, मग तो जिंकलेला असो वा हरलेला, ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो. निवडीलाच आव्हान द्यायचे असेल तर मुदत आणखी आखूड आहे: राजपत्रात नावे प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांत जिल्हा न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते, म्हणून पुराव्याची कागदपत्रे आणि हरकतींच्या पोचपावत्या तोवर टाकून देऊ नयेत.