स्टोरेजमध्ये नवीन आहात? डीआर ड्रिलची रात्र सोडू नका

नवी मुंबईत स्टोरेज अ‍ॅडमिन म्हणून लागलो तेव्हा मला वाटायचं की डेटा दोन साइटला मिरर होतोय म्हणजे विषय संपला, इकडची साइट पडली तर तिकडून सुरू करायचं, त्यात काय एवढं. पहिल्याच डीआर (डिझास्टर रिकव्हरी) ड्रिलला, म्हणजे मुख्य साइट पडली असं धरून दुसऱ्या साइटवरून काम सुरू करून बघायच्या सरावाला, डोळे उघडले. क्लायंटचं प्रॉडक्शन (रोजचं खरं काम चालणारी साइट) इथे, डीआर साइट हैदराबादला. शनिवारी रात्री अकराला आम्ही रेप्लिकेशन (इकडचा डेटा तिकडे कॉपी होत राहणं) थांबवलं, तिकडच्या सर्व्हरला लन (LUN, स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेली डिस्क) दिले, आणि डेटाबेस उघडेचना! डॅशबोर्डवर तर सगळ्या पेअर (इकडचा लन आणि त्याची तिकडची कॉपी अशा जोड्या) हिरव्या. दीड तास शोधल्यावर कळलं की दोन महिन्यांपूर्वी जागा कमी पडली म्हणून एक नवा लन दिला होता आणि तो रेप्लिकेशनमध्ये टाकायचाच राहिला होता. जी पेअर बनवलीच नाही ती लाल तरी कुठून दिसणार?

तेव्हापासून लनचं तिकीट बंद करायच्या आधी मी त्याची पेअर बघतोच आणि कन्सिस्टन्सी ग्रुपही (एकाच क्षणाला धरून एकत्र कॉपी होणारे लन) बघतो. डेटाबेसचा डेटा आणि लॉग (बदलांची नोंद) एकाच ग्रुपमध्ये हवेत, नाहीतर दोन्ही वेगवेगळ्या क्षणांचे पोचतात आणि डेटाबेस अडून बसतो.

इंटरव्ह्यूला सिंक-असिंक रेप्लिकेशन हमखास विचारतात. व्याख्या पाठ करू नका, हिशोब समजून घ्या. फायबरमधून एक किलोमीटर जायला प्रकाशाला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद, आणि सिंकमध्ये पलीकडून ओके आल्याशिवाय राइट (डेटा लिहिणं) पूर्णच होत नाही. म्हणून जवळच्या साइटला सिंक, लांबच्या साइटला असिंक (इकडे राइट लगेच पूर्ण, तिकडे कॉपी मागाहून), आणि असिंकमध्ये शेवटचा थोडा डेटा गमावला जाऊ शकतो हे क्लायंटला आधीच सांगायचं. मग लांबची साइट हवीच कशाला? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला होता, तशा दिवशी जवळजवळच्या दोन्ही साइट एकदम अडकू शकतात.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नाही हो. इकडे कोणी चुकून टेबल उडवलं की तिकडेही उडतं. स्नॅपशॉट (डेटाची त्या-त्या क्षणाची गोठवलेली प्रत) आणि बॅकअप वेगळेच लागतात.

खरी भीती फेलबॅकची, म्हणजे काम परत मूळ साइटवर आणण्याची. रीसिंकची (दोन्हीकडचा डेटा पुन्हा जुळवण्याची) दिशा उलटी झाली तर जुना डेटा नव्यावर चढतो. आमच्या सीनियर मॅडम कमांड मारायच्या आधी सोर्स आणि टार्गेटचे सिरीयल नंबर मोठ्याने वाचायला लावायच्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर टिक करायचं. फ्रेशर म्हणून ड्रिलला कोणी बोलवत नसेल तर स्वतःहून जा आणि ते वाचायचं काम मागून घ्या.