कॉकपिटमधून फोटो काढताय? खानदेशावरून उडताना या चुका टाळा

शिरपूर, धुळे आणि जळगावला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे आपल्या भागावर छोटी सेसना विमानं सतत उडत असतात. त्यात बसलेल्या जवळपास प्रत्येकाला खालची तापी टिपायची असते. फोटो मनासारखा आला नाही की दोष मोबाईलला दिला जातो. माझं मत वेगळं आहे. हवेतला फोटो बऱ्याच अंशी उडवण्यातूनच तयार होतो. विमान कुठे आहे, ऊन कोणत्या बाजूने येतंय आणि कंट्रोल कोणाच्या हातात आहे, एवढं जमलं तर साधा कॅमेराही पुरतो.

सगळ्यात आधी परवानगी. विमान नियम 1937 मधल्या नियम 13 प्रमाणे उडत्या विमानातून फोटो काढण्यासाठी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) लेखी परवानगी लागते. प्रवासी विमानात खिडकीपाशी बसणाऱ्यांना जी सवलत मिळते, ती प्रशिक्षणाच्या विमानालाही आहे असं गृहीत धरू नका. आपल्या संस्थेत विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. त्या बाजूला कॅमेरा वळवूच नका.

उडवणाराच फोटो काढतो

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. खाली काहीतरी छान दिसतं. डावा हात मोबाईलकडे जातो, उजव्या हाताने विमान डावीकडे कलतं. विषय फ्रेममध्ये राहावा म्हणून बँक (विमानाचा कल) वाढत जाते, उंची टिकवायला योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढला जातो, आणि नजर स्क्रीनवर असल्यामुळे घसरणारा वेग दिसत नाही. उंची कायम ठेवून वळताना 30 अंश बँकला स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो, 45 अंशांना 19 टक्क्यांनी आणि 60 अंशांना तब्बल 41 टक्क्यांनी. जमिनीजवळ असा स्टॉल झाला तर सावरायला उंचीच उरत नाही.

म्हणून एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने फोटो काढायचे. 'यू हॅव कंट्रोल' म्हटल्यावर समोरून 'आय हॅव कंट्रोल' ऐकू आलं की मगच कॅमेऱ्याला हात लावायचा. सोलोवर, म्हणजे एकट्याने उडताना, कॅमेरा बॅगेतच राहू द्या. टेकऑफ, सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) आणि लँडिंगच्या वेळी इन्स्ट्रक्टर शेजारी असले तरी नको.

फोटोत नदीवर पांढरा डाग येतो

तो तुमचा गणवेश असतो. पांढरा शर्ट आणि खांद्यावरच्या पट्ट्या खिडकीत उमटतात आणि नेमक्या पाण्यावर येऊन बसतात. वरून गडद जॅकेट घाला, लेन्स खिडकीच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. टेकवली की इंजिनची थरथर थेट फोटोत उतरते. कोपरही दारावर न ठेवता अंगाशी धरा.

प्रतिबिंब घालवायला काही जण लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावतात. इथे तो उलटतो. विमानाची खिडकी ॲक्रिलिकची असते आणि पोलरायझरमधून तिच्यातले ताण इंद्रधनुष्यासारख्या पट्ट्यांनी दिसू लागतात. फिल्टर काढून टाका.

सेसना 172 ची बाजूची खिडकी हवेत उघडता येते. वेगाची मर्यादा हँडबुकमध्ये बघून घ्या. उघडण्याआधी लेन्सचं हूड काढा, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवा आणि लेन्स खिडकीच्या चौकटीबाहेर जाऊ देऊ नका.

'सर, पंखा वाकडा कसा आला?'

मोबाईलचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने वाचतो. तेवढ्या वेळात पंख्याचं (प्रोपेलरचं) पातं पुढे सरकतं आणि फोटोत विळ्यासारखं वाकलेलं दिसतं. चांगल्या कॅमेऱ्यातही शटर फार वेगवान ठेवलं तर पंखा थिजल्यासारखा दिसतो, जणू इंजिन बंद पडलंय.

हिशोब सोपा आहे. 2400 आरपीएमला पंखा सेकंदाला 40 फेऱ्या मारतो. 1/2000 सेकंद शटरला पातं जेमतेम 7 अंश सरकतं, तर 1/80 ला अर्धी फेरी होते आणि दोन पात्यांच्या पंख्याची धूसर तबकडी पूर्ण भरते. पण 1/80 ला विमानाच्या थरथरीने बाकीचं चित्र हलतं. त्यामुळे समोरच्या काचेतून फोटो काढायचा असेल तर 1/125 च्या आसपास बरेच फोटो घ्या, त्यातला एखादा स्थिर निघतो. जमिनीचा फोटो बाजूच्या खिडकीतून, स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या) मागच्या मोकळ्या जागेतून घ्या आणि शटर 1/1000 ठेवा. तिथे पंख्याचा प्रश्नच येत नाही.

सूर्यास्ताच्या मागे धावणं

सूर्य मावळताना फोटो काढा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. धुळे-नंदुरबारवर तो बऱ्याचदा फसतो. इथल्या बेसॉल्टच्या काळ्या खडकात भेगांमध्ये लाव्हा भरून तयार झालेल्या लांबच लांब भिंती आहेत, भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. आजूबाजूचा खडक झिजला आणि या भिंती सरळ रेषेतल्या टेकड्यांसारख्या उभ्या राहिल्या. रस्त्यावरून जाताना एखादी टेकडी ओलांडल्यासारखं वाटतं, इतकंच. वरून मात्र एकामागून एक समांतर रेषा दिसतात, आणि माझ्या मते खानदेशावरून टिपण्यासारखं याहून सुंदर दुसरं काही नाही.

या भिंती बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. सूर्य मावळताना ऊन त्यांच्या लांबीवरूनच सरकतं. सावली पडत नाही आणि फोटोत टेकड्या जमिनीत विरून जातात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ-साडेनऊला सूर्य आग्नेयेकडे आणि अजून खालीच असतो. तेव्हा प्रत्येक भिंतीची सावली उत्तरेकडे पडते. विमान भिंतीच्या रेषेत, थोडं बाजूला ठेवून उडवा. म्हणजे उजळ बाजू आणि सावली दोन्ही एकाच फ्रेममध्ये येतात. त्या वेळी हवाही स्थिर असते. मे महिन्यात दुपारी हेच करायला जाल तर थर्मलमध्ये (वर उसळणाऱ्या गरम हवेत) कॅमेरा धरणंही अवघड होतं.

फोटो फिका, धुरकट येतो

नांगरलेली काळी जमीन फ्रेमभर असली की कॅमेरा ती अंधार समजून उजेड वाढवतो. मग माती राखाडी होते आणि हतनूर धरणाचं पाणी पांढरंफटक दिसतं. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने कमी करा. धुरकटपणा मात्र हवेचा असतो. पाऊस संपल्यावर लगेचचे दिवस सगळ्यात स्वच्छ असतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागा आणि मागे सातपुडा एकत्र हवा असेल तर तेव्हाच जा.

मोबाईल डॅशबोर्डवर

चुंबकाचा मोबाईल स्टँड कंपासजवळ लावू नका, कंपासची दिशा चुकते. उन्हाळ्यात काचेखाली ठेवलेला मोबाईल तापून बंद पडतो. लेन्सचं झाकण जमिनीवरच खिशात टाका. ते पायाशी असलेल्या रडरच्या पेडलखाली गेलं तर हवेत काढता येत नाही.

आणि फोटोत बारीक चकाकत्या रेघा दिसत असतील तर त्या खिडकीवरच्या ओरखड्यांच्या आहेत. कोरड्या फडक्याने धूळ पुसल्याने त्या पडतात. आधी भरपूर पाणी ओता, मग सौम्य साबणाच्या पाण्याने, मऊ सुती कापडाने, वरून खाली पुसा. घरातल्या काचा पुसायचं अमोनियाचं द्रावण आणि पेट्रोल ॲक्रिलिकला अजिबात लावू नका.